स्पर्धेतल्या घोड्याची वैरण आणि चंदी : रोजचा आहार कसा ठरवावा

घोडा शर्यतीचा असो, लांब पल्ल्याच्या एंड्युरन्स स्पर्धेचा असो किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत रेवाल, म्हणजे स्वाराला हिसके न देणारी चाल दाखवणारा मारवाडी असो, त्याच्या आहाराचा विचार आपल्याकडे बहुधा तोबऱ्यापासून सुरू होतो : चणे किती, कोंडा किती, गूळ घालायचा की नाही. वास्तविक हिशेब वैरणीपासून मांडावा आणि वैरणीतून जे भागत नाही तेवढेच चंदीतून, म्हणजे धान्याच्या खाद्यातून, भागवावे. याचे कारण घोड्याच्या पोटाच्या रचनेत आहे. त्याचे जठर अंगाच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे असते. त्यात आम्ल दिवसरात्र पाझरत राहते, आणि ते शमवणारी लाळ मात्र घोडा चावत असेल तेव्हाच सुटते. चाऱ्यातील तंतुमय भाग पुढे मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव आंबवतात व त्यातून घोड्याला ऊर्जा मिळते. एका वेळी धान्य जास्त झाले, तर त्यातील पिष्ट लहान आतड्यात पुरते न पचता याच सूक्ष्मजीवांपर्यंत पोहोचते, तेथे आम्लता वाढते आणि पोटशूळ किंवा खुरांचा दाह, म्हणजे लॅमिनायटिस, ओढवू शकतो.

सर्वप्रथम घोड्याचे वजन काढावे. काटा नसेल तर मोजपट्टी पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्यावा आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजावी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, असे केले की किलोमधील अंदाजे वजन मिळते. घेर १७२ आणि लांबी १६२ सेंटिमीटर असलेला घोडा सुमारे ४०० किलोचा ठरतो. पुढचे आकडे अशाच घोड्याचे आहेत.

त्यानंतर वैरण ठरवावी. कष्टाचे काम करणाऱ्या घोड्याला दिवसाकाठी वजनाच्या २ ते २.५ टक्के कोरडा आहार लागतो, म्हणजे ८ ते १० किलो. त्यातला वैरणीचा वाटा वजनाच्या दीड टक्क्याखाली, म्हणजे ६ किलोखाली जाऊ देऊ नये. येथे पुष्कळ जण फसतात, कारण हिरव्या चाऱ्याचा ढीग दिसतो मोठा, पण त्यात बहुतांश पाणीच असते. दहा किलो हिरव्या लसूणघासात कोरडा भाग जेमतेम दोन किलो भरतो. म्हणून मुख्य भार चांगल्या वाळलेल्या गवतावर ठेवावा आणि लसूणघास त्याच्या जोडीला द्यावा. लसूणघासात प्रथिने व कॅल्शियम भरपूर असते आणि जठरातील आम्ल शमवण्यासही तो उपयोगी पडतो. हत्ती गवत, म्हणजे नेपियर, हाच एकमेव चारा ठेवू नये. त्यातील ऑक्सलेट कॅल्शियम बांधून ठेवते. हिरवी ज्वारी घोड्याला घालूच नये, कारण ती सतत खाल्ल्याने मूत्राशय आणि मागचे पाय दुबळे पडण्याचा विकार होतो. वाळलेल्या कडब्यात विषारी अंश कमी असला, तरी कष्टाच्या घोड्याला पुरेल असे पोषण त्यात नसते. बुरशीचा वास येणारी पेंढी स्वस्तात मिळाली तरी नाकारावी.

आता चंदी. पिष्टाची मर्यादा पाळणे हा येथला मुख्य नियम आहे : एका वेळी वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅम, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला सुमारे ४०० ग्रॅम. ओटमध्ये साधारण ४० टक्के पिष्ट असल्याने एका वेळी एक किलो ओट चालतो. मक्यात ते ६५ टक्क्यांच्या पुढे असल्याने सहाशे ग्रॅमवर थांबावे लागते, आणि तोही भरडलेला किंवा शिजवलेला असावा. दिवसाला तीन किलो ओट द्यायचा असेल तर तो तीन वेळांत विभागावा, आणि प्रत्येक वेळी आधी गवत, मग चंदी असा क्रम ठेवावा. चणे भिजवून थोडे द्यायला हरकत नाही, परंतु केवळ चण्यांनी दम वाढतो ही समजूत सोडलेली बरी. शरीराला लागणाऱ्या प्रमाणाबाहेर प्रथिने गेली तर त्यांतील नत्र लघवीवाटे टाकण्यासाठी घोड्याला पाणी जास्त लागते, आणि तबेल्यात अमोनियाचा उग्र वास दाटतो.

गव्हाच्या कोंड्याबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण तो जवळजवळ प्रत्येक पागेत दिसतो. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या साधारण आठ ते दहा पट असतो, तर घोड्याच्या एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त, शक्यतो दीड ते दोन पट, असायला हवे. रोज दोन-तीन किलो कोंडा खाणाऱ्या घोड्याचे शरीर ही तूट स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून भरून काढते. पाय अधूनमधून लंगडतो, कारण सापडत नाही, आणि पुढे चेहऱ्याची हाडे फुगून तोंड जाड दिसू लागते. तेव्हा कोंडा अर्ध्या किलोपर्यंतच ठेवावा आणि सोबत लसूणघास द्यावा. गरज पडल्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने खाद्यात चालणारी चुनखडीची पूड मिसळावी.

अधिक ऊर्जा हवी असेल, तर धान्य वाढवण्याऐवजी वनस्पती तेल द्यावे. पाव लिटर तेलातून सुमारे पाऊण किलो ओटइतकी ऊर्जा मिळते आणि पिष्ट अजिबात वाढत नाही. सुरुवात ५० मिलिलिटरने करून दोन-तीन आठवड्यांत मात्रा वाढवावी आणि तेल देताना जीवनसत्त्व ई पुरेसे आहे ना, हे पाहावे. गाई-म्हशींचे किंवा कोंबड्यांचे तयार खाद्य मात्र घोड्याच्या गव्हाणीत कधीच टाकू नये. त्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असू शकते आणि ते घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करते.

मीठ आणि पाणी यांची आठवण आपल्याकडे उन्हाळ्यातच होते, पण घामाची तूट बाराही महिने असते. घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा पुष्कळ खारट असतो. पाण्याबरोबर क्षारही निघून गेल्याने खूप घामेजलेल्या घोड्याला तहानच लागत नाही. विश्रांतीत २० ग्रॅम आणि जड कामाच्या दिवसांत ५० ग्रॅमपर्यंत साधे मीठ चंदीत विभागून द्यावे, स्वच्छ पाणी चोवीस तास समोर ठेवावे. धावून आलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, हा जुन्या मोतद्दारांचा दंडक आज टिकत नाही. त्याला चालवत चालवत पाणी द्यावे. क्षारांची पेस्ट मात्र पाणी न पिणाऱ्या घोड्याला देऊ नये.

मेहनतीच्या आधी तीन तास धान्य देऊ नये, पण मूठभर लसूणघास देऊन रिकामे पोट टाळावे, म्हणजे धावताना आम्ल जठराच्या वरच्या नाजूक भागावर उसळत नाही. उलट सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी करावी. काम बंद आणि धान्य पूर्ण, असे झाले की दुसऱ्या दिवशी कामाला काढताच पुठ्ठ्याचे स्नायू आखडण्याचा धोका असतो.

दर पंधरवड्याला बरगड्यांवरून हात फिरवावा. अंगावरील चरबी जोखण्यासाठी १९८३ मध्ये हेनेके यांनी मांडलेल्या १ ते ९ गुणांच्या पद्धतीत ५ च्या आसपासचा घोडा योग्य मानला जातो : बरगड्या हाताला सहज लागतात, पण डोळ्यांना दिसत नाहीत. वजन घटत असेल तर चंदी वाढवण्याआधी दात आणि जंत तपासून घ्यावेत.

कोणताही बदल निदान सात ते चौदा दिवस घेऊन हळूहळू करावा, आणि हाच नियम प्रवासालाही लागू आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याला जायचे असेल, तर तेथले गवत विकत घेण्याच्या भरवशावर राहू नये. मुक्कामापुरती घरची वैरण गाडीत टाकावी, आणि बाहेरचे पाणी घोडा तोंडाला लावत नसेल तर सुरुवातीला घरून नेलेले पाणी त्यात मिसळून पाजावे.