जपानमधील मिशनरी सेवेचे पहिले बारा आठवडे : नवागतासाठी मार्गदर्शन

चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या पंथाचे, म्हणजे ज्यांना जग मॉर्मन म्हणून ओळखते त्यांचे, हजारो तरुण दर वर्षी स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या खर्चाने धर्मप्रचाराच्या सेवेला निघतात. कुठे जायचे हे त्यांनी निवडायचे नसते; ते चर्च ठरवते. मुलांसाठी किमान वय 2012 मध्ये 19 वरून 18 वर आणण्यात आले असून त्यांची सेवा 24 महिन्यांची, तर मुलींची 18 महिन्यांची असते. हे मार्गदर्शन जपान वाट्याला आलेल्या तरुणासाठी आहे आणि ते केवळ पहिल्या बारा आठवड्यांपुरते आहे, कारण तेवढाच काळ नवागताला अनुभवी सहकाऱ्याच्या हाताखाली शिकण्यासाठी दिलेला असतो. या काळात धर्मशास्त्रावरून कोणाचे फारसे अडत नाही. अडते ते बूट, कागदपत्रे, चहा आणि कान यांवरून, असे माझे मत आहे, आणि म्हणून पुढील मजकुरात उपदेशापेक्षा या चार गोष्टींनाच अधिक जागा दिली आहे.

निघण्यापूर्वीच्या प्रशिक्षणात काही आठवडे जपानी भाषा शिकवली जाते. तथापि हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्या, म्हणजे प्रत्येकी 46 मूळ अक्षरे, त्याआधीच घरी घोटून ठेवाव्यात. मराठी येणाऱ्याला येथे दोन सोयी आपसूक मिळतात. एक म्हणजे या अक्षरांचा क्रम संस्कृत वर्णमालेच्या प्रभावातून आलेला असल्यामुळे अ-इ-उ-ए-ओ आणि पुढे क, स, त, न ही मांडणी बाराखडी गिरवलेल्याला परकी वाटत नाही, आणि दुसरी म्हणजे जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येते व विभक्तीप्रत्ययांसारखे शब्द नामाच्या मागून लागतात. इंग्रजी भाषकाला मात्र वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेण्याची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. चर्चचे जपानी नाव, ‘मात्सुजित्सु सेइतो इएसु किरिसुतो क्योकाइ’, एका दमात आणि न अडखळता म्हणता येईल इतका सराव करावा. दारात उभे राहून स्वतःच्याच संस्थेच्या नावाशी झटापट करणाऱ्याकडे ऐकणारा संशयाने पाहतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

विमानतळावर निवासपत्र मिळते. धार्मिक कार्यासाठीच्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीने ते सतत जवळ बाळगणे कायद्याने आवश्यक आहे. शर्टाच्या खिशाला काळी नावपट्टी लावताना हे पत्रही खिशात आहे ना, हे पाहण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी. राहण्याचे ठिकाण निश्चित झाल्यावर 14 दिवसांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. ही अट ऐकायला साधी आहे, परंतु मिशनमध्ये साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होत असल्यामुळे गाव बदलले की जुन्या पालिकेत निघून जाण्याची आणि नव्या पालिकेत येण्याची अशा दोन्ही नोंदी पुन्हा कराव्या लागतात, आणि पहिल्या बदलीच्या गडबडीत नेमके हेच विसरले जाते.

घरात शिरताना बूट ‘गेन्कान’मध्ये, म्हणजे उंबऱ्यालगतच्या खोलगट जागेत, काढून त्यांची टोके दाराकडे वळवून ठेवायची असतात. मराठी घरातून आलेल्याला चपला बाहेर काढण्याचे शिकवावे लागत नाही. पण नाडीचे बूट घालून दिवसातून दहा घरी जाणाऱ्याची त्रेधा उडते. सहज निघणारे, तरीही औपचारिक दिसणारे बूट घ्यावेत आणि मोजे भोक नसलेलेच असावेत, कारण यजमानीणबाईंचे लक्ष तुमच्या नावपट्टीआधी तिथे जाते. भाड्याच्या खोलीच्या भिंती पातळ असतात, तेव्हा रात्री साडेदहाला दिवे मालवण्याचा मिशनचा नियम शेजाऱ्यांच्याही सोयीचा ठरतो. कचऱ्याचे वर्गीकरण आणि तो टाकण्याचे वार गावागणिक वेगळे असतात. त्याचा तक्ता भिंतीवर लावावा आणि तो वाचता येईपर्यंत सहकाऱ्याला विचारल्याशिवाय एकही पिशवी बाहेर ठेवू नये.

सायकल बहुतेक ठिकाणी रोजचे वाहन आहे. उत्तरेकडील होक्काइदो बेटाच्या बर्फात मात्र हिवाळाभर पायीच फिरावे लागते. सायकलीची चोरीप्रतिबंधक नोंदणी असते, वाहतूक भारताप्रमाणेच डाव्या बाजूने चालते, एका हातात छत्री धरून सायकल चालवता येत नाही आणि नोव्हेंबर 2024 पासून सायकलवर असताना मोबाइल हाताळण्याची शिक्षा कडक झाली आहे. नकाशा पाहायचा असेल तर थांबून पाहावा.

चहाचा प्रश्न थोडा सविस्तर समजून घ्यावा लागतो. 1833 च्या एका प्रकटीकरणाच्या आधारे या पंथात मद्य, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य मानले जातात, आणि हिरवा चहाही त्याच झाडाचा असल्यामुळे तोही वर्ज्यच आहे, हे 2019 मध्ये चर्चच्या युवकांसाठीच्या मासिकाने स्पष्ट केले. जपानमध्ये तर पाहुणा बसला न बसला तोच चहाचा पेला समोर येतो, आणि समोर आलेला पेला तसाच ठेवणे हे न घेण्यापेक्षाही अवघडल्यासारखे असते. म्हणून ओतण्यापूर्वीच बोलावे. ‘ओमिझु ओ ओनेगाइ शिमासु’, म्हणजे कृपया पाणी द्यावे, एवढे वाक्य पुरते. त्यापुढे धर्माचे कारण विचारल्याखेरीज सांगत बसू नये. भाजलेल्या सातूपासून केलेला ‘मुगिचा’ नावाने चहा असला तरी त्यात चहाची पाने नसतात, त्यामुळे तो खुशाल प्यावा. उन्हाळ्यात तो बहुतेक घरांच्या फ्रिजमध्ये असतो, आणि पाहुण्याने तो आपणहून मागितला तर आजीबाईंना आनंदच होतो. माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, मात्र आइस्क्रीमपासून केकपर्यंत सर्वत्र डोकावतो. वेष्टनावरची अक्षरे वाचण्याचा सराव येथे कामी येतो.

आता दाराविषयी. जपानमध्ये ख्रिस्ती लोकांचे प्रमाण सुमारे 1 टक्का आहे, आणि नव्या धर्मपंथांविषयी समाजाच्या मनात धास्ती बसावी अशी कारणे अलीकडच्या इतिहासातच घडली आहेत. 1995 मध्ये ओम शिनरिक्यो पंथाने तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला, आणि 2022 मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हत्येनंतर, मारेकऱ्याचा राग ज्या पंथावर होता त्या युनिफिकेशन चर्चच्या देणग्या उकळण्याच्या पद्धती चर्चेत येऊन त्याच वर्षी दबावाने देणगी घेण्याविरुद्ध कायदा झाला. घंटा वाजवणाऱ्या तुमचा या दोन्ही पंथांशी काहीही संबंध नाही, हे इंटरकॉमवरून तुम्हाला न्याहाळणाऱ्या माणसाला कसे कळावे? आपण कोण आणि कोणत्या चर्चचे, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. इमारतीवर प्रचारकांना मनाई असल्याची पाटी दिसली तर आत शिरू नये. आणि जा म्हटल्यावर लगेच निघावे. सांगूनही न हलणे हा तेथे फौजदारी गुन्हा आहे.

अडचण अशी की ‘जा’ असे तोंडावर सहसा कोणी म्हणत नाही. ‘केक्को देसु’ याचा शब्दशः अर्थ छान आहे, उत्तम आहे असा होतो, परंतु दारात तो ‘नको’ असाच घ्यायचा. ‘मा नि आत्ते इमासु’ म्हणजे आमचे भागते आहे, हाही नकारच. ‘कधीतरी वेळ मिळाला की’ याला तारीख विचारू नये. आपल्याकडे ‘बघू, कळवतो’ असे म्हणणारा नंतर कळवत नाही हे ज्याला उमगते, त्याला हे लवकर कळेल. पहिले दोन महिने बोलण्यापेक्षा हे नकार अचूक ऐकण्यात घालवले तरी ते वाया गेले असे मानू नये. ओळखी खरोखर जुळतात त्या मिशनरी चालवत असलेल्या इंग्रजी संभाषणाच्या मोफत वर्गात, म्हणजे ‘एइकाइवा’मध्ये, कारण तेथे लोक स्वतःहून येतात आणि चुका करण्याची पाळी त्यांचीही असते.

सहकाऱ्याशी चोवीस तास एकत्र राहायचे असते, नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात. तुम्हाला शिकवणारा हा माणूस बहुधा तुमच्याहून वर्षाने मोठा विशीतलाच मुलगा असतो, हे लक्षात ठेवले की त्याच्याकडून अवाजवी अपेक्षा राहत नाहीत. मिशनरी तरुणाच्या नावाआधी लागणाऱ्या एल्डर या पदवीला जपानीत ‘चोरो’, म्हणजे वडीलधारा पुरुष, असा शब्द आहे, आणि मिसरूड फुटलेल्या मुलाला तसे संबोधताना ऐंशी वर्षांच्या आजोबांना हसू आले तर आपणही हसावे. कुरबुरींसाठी आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून बोलायचे असते. ती बैठक टाळू नये. भांडी कोण घासणार यावरून साठलेला राग दारात तिसऱ्याला दिसतो. या बैठकीतही न मिटणारी गोष्ट, तसेच झोप उडणे, जेवण न जाणे किंवा सतत रडू येणे, हे मिशन अध्यक्षांना वेळेवर सांगावे.

घरच्यांशी दर आठवड्याला तयारीच्या दिवशी बोलण्याची मुभा फेब्रुवारी 2019 पासून मिळाली आहे. त्याआधी वर्षातून दोनदाच फोन करता येई. हा दिवस बहुधा सोमवार असतो. जपानमध्ये सोमवारी सकाळी नऊ वाजतात तेव्हा चर्चचे मुख्यालय असलेल्या अमेरिकेतील यूटा राज्यामध्ये उन्हाळ्यात रविवारची संध्याकाळ असते, तर भारतात पहाटेचे साडेपाच, त्यामुळे भारतातून गेलेल्याने आईची झोपमोड न करता दुपारची वेळ ठरवावी. कपडे धुणे आणि आठवड्याचा बाजार फोनच्या आधी उरकावा, कारण फोननंतर मन बराच वेळ घरीच रेंगाळते.

किती जणांचा बाप्तिस्मा झाला या आकड्याशी पहिल्या काळात स्वतःला जोडू नये. या पंथाचे पहिले चार मिशनरी हीबर ग्रांट यांच्या नेतृत्वाखाली 12 ऑगस्ट 1901 रोजी योकोहामाला उतरले, ग्रांट 1903 मध्ये परतले तेव्हा हाती फारच थोडे लागले होते, आणि त्यांच्यातील, उतरताना विशीही न गाठलेला, अल्मा टेलर भाषा शिकत मागे राहिला. त्याच्या देखरेखीखाली झालेला बुक ऑफ मॉर्मन या पंथाच्या धर्मग्रंथाचा जपानी अनुवाद 1909 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून आकड्यांऐवजी भाषेकडे पाहावे: रोज पाच नवे शब्द, ते ज्या माणसाच्या तोंडून ऐकले त्याच्या उल्लेखासह, वहीत लिहावेत.

बदलीचा निरोप आला की सामान बांधण्यापूर्वी पालिकेत जाऊन निघण्याची नोंद करावी, भेटीची वेळ ठरलेल्या प्रत्येकाला स्वतः कळवावे, आणि सायकल मागे ठेवायची असल्यास तिच्या नोंदणीचा कागद व किल्ली खोलीत ठेवावी. कचऱ्याच्या तक्त्यावर वारांची नावे तुम्हाला कळतील अशी पेन्सिलीने लिहिलेली असतील, तर ती पुसू नयेत. पुढचा नवागत त्याच भिंतीसमोर उभा राहणार आहे.