`क्लास_` लिहिलं आणि डॉक्स बिघडले? या चुका टाळा

पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्ष पॅकहाउससाठी पायथनमध्ये काही लिहायला बसा, पहिल्या तासातच अडचण येते. घडांची प्रतवारी 'क्लास', माल कुठून आला ते 'फ्रॉम'. नेमके हेच शब्द पायथनने राखून ठेवलेत. पेप ८, म्हणजे पायथनची कोडशैलीची नियमावली, तिचा सल्ला सोपा: शेवटी अंडरस्कोर जोडा. `क्लास_`, `फ्रॉम_`. कोड मुकाट चालतो. पण स्फिंक्सने (कोडमधून डॉक्स म्हणजे माहितीची पानं बनवणारं टूल) डॉक्स बनवायला घेतले की एरर: 'अननोन टार्गेट नेम: क्लास'.

स्फिंक्स डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेलं फंक्शनचं वर्णन) रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या मार्कअप भाषेत आहे असं धरून वाचतो आणि तिथे शब्दाच्या शेवटचा अंडरस्कोर म्हणजे लिंक. एरर आला तर नशीब समजा. त्याच पानावर 'क्लास' असं शीर्षक असेल तर टूल गुपचूप तिकडे लिंक जोडतं आणि अंडरस्कोर गिळतं. वाचणारा बिचारा तसंच टाइप करतो आणि सिंटॅक्स एरर घेऊन तुमच्याकडे येतो.

यावर बरेच जण पॅरामीटरचं नावच बदलून टाकतात. हे करू नका. ते नाव देऊन फंक्शन बोलावणारा सगळा जुना कोड मोडतो, तोही डॉक्सच्या हट्टापायी. नाव दुहेरी बॅकटिकमध्ये घाला: ``क्लास_``. मार्कडाउनच्या सवयीने एकच बॅकटिक दिलात तर एरर जातो, पण कोडऐवजी नुसती तिरकी अक्षरं दिसतात. अंडरस्कोरआधी बॅकस्लॅश देणंही चालतं, फक्त डॉकस्ट्रिंगच्या अवतरणांआधी 'आर' लावायला विसरू नका. नाहीतर पायथन ३.१२ पासून सिंटॅक्स वॉर्निंग येते.

'बिल्ड सक्सीडेड' एवढंच वाचून खिडकी बंद करणारे तर पुष्कळ. पुढे वॉर्निंगचा आकडा असतो, तो कोण बघतो! स्फिंक्सला कॅपिटल डब्ल्यूचा पर्याय द्या, म्हणजे वॉर्निंग आली की बिल्ड नापास होईल. स्मॉल डब्ल्यू दिलात तर वॉर्निंग फाइलमध्येही जाऊन पडतात, एवढंच.

जावावाल्यांचा ताप वेगळा. जावाडॉक (जावाचं डॉक्स बनवणारं टूल) कॉमेंटमधल्या उदाहरणात @ ने ओळ सुरू झाली की ते टॅग समजलं जातं आणि 'अननोन टॅग' येतो; तिथे @ ऐवजी @ लिहा. डॉक्सिजन या सी++ वगैरेंसाठीच्या तशाच टूलमध्ये @ आणि बॅकस्लॅश दोन्हींनी कमांड सुरू होते, म्हणून विंडोजचे पाथ लिहिताना बॅकस्लॅश दोनदा द्या. तिथे एखाद्या साध्या शब्दाची उगाच लिंक होत असेल तर त्याच्या आधी % लावला की काम होतं.