जुन्या गाडीच्या बॉनेटला गॅस स्ट्रट बसवताना

गॅस स्ट्रट म्हणजे उघडं बॉनेट वर धरून ठेवणारी, दाबाखालच्या गॅसने भरलेली नळी आणि तिच्यात सरकणारी दांडी. आधी बॉनेट काट्यावर तोला. समजा १६ किलो भरलं. उघड्या बॉनेटचा वजनाचा मध्य बिजागरीपासून आडवा ४० सेंमी आणि स्ट्रटच्या रेषेचं बिजागरीपासूनचं लंब अंतर २० सेंमी असेल, तर दोन स्ट्रटला प्रत्येकी साधारण १६० न्यूटन लागतात. १८०चे घ्या. ३००चे घेतले की बंद करताना पत्रा मधोमध वाकतो आणि कोपरे कायमचे वर राहतात.

परभणीत जानेवारीच्या पहाटे १२ अंश, मेच्या दुपारी ४२. एवढ्यानेच गॅसचा दाब दहा टक्के वाढतो, म्हणून बॉनेट वर टिकतं का याची चाचणी थंडीतल्या सकाळी घ्या.

बॉल स्टडमागे, म्हणजे स्ट्रटचं टोक ज्यावर अडकतं त्या गोल डोक्याच्या बोल्टमागे, ३ मिमीची पट्टी हवीच. नुसत्या पत्र्यात भोक फाटतं. बॉनेट बंद असताना दांडी खाली राहू द्या, तरच सील तेलात भिजतं. दांडीची ५ मिमी चाल शिल्लक ठेवा.