रखडलेल्या कन्सोलवर गेम काढावा का? प्रकाशकाने करायचा हिशेब

गेम कन्सोलची विक्री रखडली की प्रकाशकांच्या बैठकीत एकच वाक्य फिरू लागतं: ‘तिथे आपले गेम खपत नाहीत.’ दोष कन्सोलचा की तिथे पाठवलेल्या मालाचा, हे मात्र फारसं कुणी तपासत नाही. निन्टेंडोच्या वी यू या कन्सोलवर दोन्ही दोष एकत्र नांदले, म्हणून ताळा करायला ते सोयीचं.

आधी तिमाही आकडे ओळीने मांडा. वी यू नोव्हेंबर २०१२ मध्ये आलं. डिसेंबरअखेर ३०.६ लाख नग गेले, पुढच्या तिमाहीत ३.९ लाख आणि एप्रिल ते जून २०१३ मध्ये जगभर मिळून १.६ लाख. नुसती बेरीज पाहिली तर धीर येतो, ओळ पाहिली की जातो. सणानंतर विक्री उतरतेच. त्याच्या पुढच्या तिमाहीतही ती सावरली नाही, तर सावध व्हा. शिवाय हे आकडे दुकानांकडे पाठवलेल्या नगांचे. ग्राहकांच्या घरात पोचलेले त्याहून कमी.

आता साधा भागाकार. समजा पोर्टचा, म्हणजे तयार गेम त्या कन्सोलवर चालेल असा बदलण्याचा, खर्च ८ लाख डॉलर, जाहिरात ४ लाख आणि दुकानाचा वाटा, कन्सोलवाल्या कंपनीची रॉयल्टी, डिस्कची छपाई वजा जाता प्रतीमागे हातात २० डॉलर. म्हणजे ६०,००० प्रती खपल्यावर खर्च निघतो. मार्च २०१३ अखेरच्या ३४.५ लाख कन्सोलांवर हे प्रमाण पावणेदोन टक्के. अशक्य नाही, पण ते पूर्ण किमतीला हवं. किंमत निम्म्यावर आली की हातातली रक्कम निम्म्याहून जास्त घटते, कारण छपाईचा खर्च तेवढाच राहतो. डिस्क छापल्यात म्हणजे पैसे आधीच अडकले; परत येणाऱ्या मालाचा खर्चही इथेच धरा.

मग इंजिन, म्हणजे गेम ज्यावर उभा असतो ते मूळ सॉफ्टवेअर. इथेच घोडं पेंड खातं. वी यूचा तीन कोरचा प्रोसेसर १.२४ गिगाहर्ट्झचा, आणि २ जीबी मेमरीतली १ जीबीच गेमला मिळायची. फ्रॉस्टबाइट २ या इंजिनाची तिथली चाचणी समाधानकारक निघाली नाही, म्हणून फ्रॉस्टबाइट ३ त्यावर आणायचा प्रयत्नच झाला नाही. इंजिन चालत नसेल तर वरचा सगळा भागाकार विसरा. चालतं असं वाटत असेल, तर गेममधला सर्वांत जड भाग निवडा आणि दोन-तीन जणांना चार-सहा आठवडे फक्त तोच चालवायला लावा. पहिली पातळी चालवून निष्कर्ष काढू नका. ती बहुधा हलकीच असते.

मालाचा दर्जा मात्र सर्वस्वी तुमच्या हातात. ‘मास इफेक्ट ३’ वी यूवर पूर्ण किमतीला आला, आणि त्याच महिन्यात तेवढ्याच किमतीत दुसऱ्या कन्सोलवर तिन्ही भागांचा संच मिळत होता. ‘बॅटमॅन: आर्खम ओरिजिन्स’मधून वी यूसाठी मल्टिप्लेअर (अनेकांनी मिळून खेळणं) गाळलं, आणि जाहीर केलेली जादा कथाही पुढे रद्द केली. अशा पोर्टच्या विक्रीवरून ‘इथे ग्राहकच नाही’ असं ठरवणं म्हणजे शिळी भाजी मांडून गिऱ्हाइकाला दोष देणं. एकाच दिवशी, एकाच किमतीत, सगळे भाग जमत नसतील, तर पोर्ट काढूच नका.

कन्सोलवाल्या कंपनीलाच गरज असेल, तर जोखीम तिच्या खात्यावर टाका. विक्री कितीही झाली तरी मिळणारी किमान हमीची रक्कम टप्प्याटप्प्याने मागा, छपाईचा खर्च तिच्याकडे द्या, जाहिरातीतली जागा लेखी घ्या. ‘बायोनेटा २’ निघाला तो निन्टेंडोने पैसा घातला म्हणूनच. बदल्यात एकाधिकार, म्हणजे गेम फक्त तिच्याच कन्सोलवर काढण्याची अट, मागितला जाईल. मुदत स्पष्ट लिहा आणि दुसरीकडे काम सुरू करण्याची मोकळीक राखा.

माघारीचे टप्पेही आधीच नेमा: चाचणीनंतर एक, डिस्कची मागणी नोंदवण्याआधी दुसरा. त्यानंतर वळलात तर काय होतं, ते युबिसॉफ्ट या प्रकाशकाने दाखवलं. ‘रेमन लेजंड्स’ फक्त वी यूसाठी २६ फेब्रुवारी २०१३ ला यायचा होता. महिनाही उरला नसताना तो इतर कन्सोलांसोबत काढायचं ठरवून सप्टेंबरवर ढकलला. धंद्याच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा, पण ज्यांनी त्या गेमसाठी कन्सोल घेतलं होतं तेच ग्राहक सर्वांत आधी भडकले.