आत्याने आणलेली फॉरेनची बॅग नेमकी कुठल्या सालची? कोड कसा वाचायचा ते सांगते

ऐंशी-नव्वदच्या दशकात कुणाची आत्या लंडनला होती, कुणाचा मामा अमेरिकेत, आणि तेव्हा आणलेली एखादी भारी लेदरची बॅग अजूनही गोदरेजच्या कपाटात वरच्या खणात उशीच्या अभ्र्यात गुंडाळून पडलेली असते. मग कधीतरी साफसफाईत ती निघते आणि पहिला प्रश्न येतो, ओरिजिनल आहे का आणि किती जुनी. माझ्याकडे आत्याची लुई व्हिटॉनची स्पीडी (त्यांचं हातात धरायच्या बॅगेचं एक मॉडेल) आली तेव्हापासून मला या गोष्टीचं वेडच लागलंय, म्हणून नीट लिहितेय.

आधी एक पक्कं लक्षात ठेवा, की नुसत्या कोडवरून काहीच ठरवायचं नाही. कोड काय, कुणीही छापतो. कोड जे साल सांगतोय तेच साल चेन, लेदर, अस्तर, शिवण सांगतायत का हे बघायचं, आणि सगळे एकच उत्तर देत असतील तर मान्य करायचं.

व्हिटॉनचा कोड शोधायला मोबाईलचा टॉर्च आतल्या खिशात तिरका धरा, सरळ धरला तर ठसा दिसतच नाही. शिवणीत अडकलेली बोटभर लेदरची पट्टी सापडेल, काही बॅगांत थेट अस्तरावरच ठसा असतो. आत्याच्या बॅगेत एसपी ०९१५ असं होतं. बघणाऱ्या प्रत्येकाने सप्टेंबर २०१५ असंच वाचलं, पण तसं नसतं. १९९० ते २००६ मध्ये दोन अक्षरं कारखान्याची, आणि पुढच्या चार आकड्यांतला पहिला आणि तिसरा मिळून महिना, दुसरा आणि चौथा मिळून साल. म्हणजे ०१ आणि ९५, जानेवारी १९९५. आत्या परत आली ते सालही हेच, मला तर अंगावर काटा आला. २००७ पासून महिन्याच्या जागी आठवडा आला, म्हणजे एसडी १०२८ असेल तर २००८ चा बारावा आठवडा. ऐंशीच्या दशकात मात्र सरळ असायचं, ८३४ म्हणजे १९८३ चा एप्रिल, नंतर नंतर त्यालाच दोन अक्षरं जोडायला लागले. त्याच्या आधीच्या बॅगांना कोडच नाही, त्यामुळे सत्तरच्या दशकातली बॅग बिनकोडची असली तर घाबरू नका, आणि कुणी "१९७२ ची आहे, हा बघा कोड" म्हणालं तर मात्र थांबा. २०२१ पासून कोड बंद होऊन आत चिप आली.

मला एकदा एका विक्रेत्याने जी बॅग दाखवली तिच्यावर १९३५ आकडे होते, मांडून बघा, महिना निघतो १३ आणि साल ९५! तिथेच परत दिली. हे गणित बॅग हातात असतानाच करायचं, पैसे दिल्यावर नाही.

स्पीडीवरून अजून एक, मागच्या बाजूला एलव्ही (लुई व्हिटॉनची आद्याक्षरं) उलटे दिसले की लोक लगेच डुप्लिकेट म्हणतात. मोनोग्रामची, म्हणजे हीच अक्षरं सगळीकडे छापलेली, क्लासिक स्पीडी एकाच अखंड कापडातून करतात, तळाशी जोड नसतो, म्हणून एका बाजूला अक्षरं उलटी येणारच. उलट दोन्हीकडे सरळ असतील तर शंका घ्या. हँडलचं लेदर सुरुवातीला फिकट असतं, ऊन आणि हात लागून मधासारखं होत जातं. तीस वर्षांची बॅग आणि हँडल पांढरंफटक असेल तर विचारा, कदाचित बदललेलंही असेल, ते काही वाईट नाही. आणि आपल्या दमट हवेत, मुंबई-कोकणात तर नक्कीच, नव्वदच्या काही मॉडेलांच्या खिशातलं अस्तर चिकट होऊन सुटायला लागतं. तो जुनेपणाचा दोष आहे, नकलीपणाचा नाही.

कोच हा ब्रँड मला मनापासून आवडतो, कारण जुनी कोच अजून परवडते आणि लेदर काय जाड असतं! आत लेदरवर मजकुराचा ठसा असतो आणि खाली नंबर. साधारण १९९४ च्या आधीचा नंबर नुसता आकड्यांचा, त्यातून साल निघत नाही, उगाच डोकं लावू नका. तिथे मजकूर वाचा, न्यूयॉर्क सिटी लिहिलेल्या बॅगा साधारणपणे युनायटेड स्टेट्स लिहिलेल्यांपेक्षा जुन्या. साठच्या दशकातल्या बॅगांना तर हा लांब मजकूरही नाही, नंबरही नाही. १९९४ नंतर मात्र सोपं, बी७डी-९९२७ म्हणजे बी फेब्रुवारी, ७ म्हणजे १९९७, डी कारखाना, आणि ९९२७ हा विलिस मॉडेलचा नंबर. म्हणजे नंबर एका मॉडेलचा आणि बॅगेचा आकार दुसऱ्याच मॉडेलचा असं असेल तर तिथेच पकडता येतं.

शनेलबद्दल थोडक्यात. २.५५ ही बॅग १९५५ च्या फेब्रुवारीतली, पण दोन सी एकमेकांत अडकवलेलं लॉक डिझायनर कार्ल लागरफेल्ड शनेलमध्ये आल्यावर, ऐंशीच्या दशकात आलं. त्यामुळे तसलं लॉक लावलेली बॅग कुणी "साठच्या दशकातली" म्हणून विकत असेल तर ते चूक. नंबराचे स्टिकरही १९८० च्या दशकातच सुरू झाले.

एर्मेसच्या बॅगांचं तर ठशातल्या एका अक्षरावर चालतं, दर सालाला एक अक्षर. १९४५ ला ए, तिथून १९७० ला झेड. मग १९७१ पासून तीच अक्षरं गोलात, १९९७ पासून चौकोनात, ती २०१४ ला आर पर्यंत. २०१५ पासून अक्षर परत मोकळं पण क्रम सोडलेला, तेव्हा २०१५ ला टी. त्यांची बर्किन बॅग १९८४ पासूनची, म्हणजे जुन्या क्रमातलं मोकळं एच, जे १९५२ चं, ते तिच्यावर असायला जागाच नाही.

आणि कृपा करून बॅग मिळाल्या मिळाल्या तेल किंवा पॉलिश लावायला घेऊ नका. तेलाने जुना ठसा बुजतो, मग टॉर्च मारूनही दिसत नाही. आधी कोड वहीत लिहून घ्या, चेनचा रनर, बकलची मागची बाजू, आतल्या शिवणी या सगळ्याचे दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी फोटो काढा, आणि मगच फडकं हातात घ्या.