व्हायटलमध्ये पेटीच्या आवाजाची सनई कशी करायची

भाऊ, व्हायटल म्हणजे कॉम्प्युटरवर आवाज बनवायचं सॉफ्टवेअर (सिंथ), त्याचं फ्री व्हर्जन पुरते. ऑसिलेटर 1 मध्ये, म्हणजे मूळ आवाज जिथून निघते तिथं, वेव्हटेबल (आवाजाच्या लहरींची रांग) टाका, त्यात 256 पर्यंत फ्रेम, म्हणजे एकेक लहर, असतात, फ्रेमचा नॉब फिरवला की आवाज एका फ्रेमवरून दुसरीवर सरकत जाते. दोन आवाज नुसते फेड केले तर ते मॉर्फ (एक आवाज हळूहळू दुसऱ्यात बदलणं) नाही बावा, मधात दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात.

आता मॅक्रो 1 (अनेक नॉब एकदम फिरवणारा नॉब) ओढून त्या फ्रेमच्या नॉबवर सोडा, मग फिल्टरच्या कटऑफवरही (फिल्टर आवाज कुठून दाबते ती हद्द). एकच नॉब फिरवा, भजनातल्या पेटीसारखा बसका आवाज सनईसारखा टोकदार होत जाते, अगदी सनई नाही म्हणा. एलएफओ (नॉब आपोआप वरखाली हलवणारी लहर) लावला तर स्लो ठेवा, 4 बारचा (तालाच्या चार मापांत एक फेरी), नाहीतर कपाशीच्या फवारणी पंपासारखं वाँव वाँव होते. अन् फिल्टर ऑन करा आधी, मी अर्धा तास बंद फिल्टरचाच कटऑफ फिरवत होतो, तेवढ्यात लाइट गेली.