कानातील मळ: घरी काय करावे, काय टाळावे

कानातील मळ ही घाण नसून कानाच्या नळीचे रक्षण करणारा स्राव आहे आणि चावताना, बोलताना होणाऱ्या जबड्याच्या हालचालीने तो बहुधा आपोआप बाहेर सरकतो. म्हणून दडा बसल्यासारखे वाटल्याशिवाय किंवा ऐकू कमी आल्याशिवाय काहीही करू नये.

तसे झाल्यास कुशीवर झोपून, साध्या खोलीच्या तापमानाच्या ऑलिव्ह तेलाचे २-३ थेंब वरच्या कानात सोडावेत, ५ ते १० मिनिटे तसेच पडून राहावे आणि हा उपाय दिवसातून ३-४ वेळा, ३ ते ५ दिवस करावा. मळ मऊ होऊन हळूहळू निघतो. लसूण घालून कढवलेले तेल, जे आपल्याकडे फार मायेने घातले जाते, कृपया वापरू नये, कारण त्याने भाजण्याची भीती असते. काडी, हेअरपिन, कापसाची बोंडी मळ आणखी आत ढकलतात. ठाण्याच्या पावसाळी दमटपणात ओल्या कानाला बुरशी लवकर धरते, तेव्हा आंघोळीनंतर बाहेरचा भागच टिपावा.

कान दुखत, वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल, तर थेंब न घालता कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. अचानक ऐकू येईनासे झाल्यास त्याच दिवशी जावे.